प्रयोगशाळा, कारखाना आणि गाव

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दोन घटना एकमेकींच्या पाठोपाठ घडल्या. ३० ऑगस्ट रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदराच्या बाजूने आणि विरुद्ध जिल्ह्यातील चावड्यांवर, मासळीबाजारात आणि डहाणू-विरार गाडीच्या डब्यांत आजवर इतके बोलले गेले आहे की, त्याविषयी मत नसलेला माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. त्याआधी सहाच दिवस, २४ ऑगस्टला, केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानविषयक एका नव्या धोरणाला मान्यता दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान, असे त्याचे उद्दिष्ट असल्याने सरकारदरबारी त्याला ‘बायो-ई-थ्री’ असे आटोपशीर नाव मिळाले आहे. या धोरणाची वाच्यता बोईसरच्या फलाटावर फारशी झाली नाही, आणि त्यात नवल नाही; बंदर डोळ्यांना दिसते, सूक्ष्मजंतू दिसत नाही. तथापि पुढील पंचवीस वर्षांत बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याचे आणि त्याला खेटून वसलेल्या सरावलीसारख्या गावांचे काय होणार, हे ठरविण्यात या दुसऱ्या निर्णयाचा वाटा पहिल्याहून कमी असणार नाही.

या धोरणात सहा क्षेत्रे नेमून दिलेली आहेत. उच्च मूल्याची रसायने, विकरे आणि जैव बहुवारिके यांचा त्यांत समावेश आहे, नेमक्या उपचारासाठीची जैव औषधे आहेत, हवेतील कार्बन पकडून वापरात आणणे आहे, सागरी संशोधनही आहे. यांसाठी देशात सामायिक प्रयोगशाळा व उत्पादनकेंद्रे उभारावयाची आणि विद्यापीठे व कारखाने यांनी त्यांत एकत्र काम करावयाचे, अशी कल्पना आहे. धोरणाला एक वर्ष पूर्ण झाले तेव्हा, ऑगस्ट २०२५ मध्ये, अशा सहा संस्थांच्या राष्ट्रीय जाळ्याची घोषणाही झाली. या साऱ्याच्या मुळाशी जे शास्त्र आहे त्याला ‘सिंथेटिक बायॉलॉजी’, म्हणजे संश्लेषी जीवशास्त्र, म्हणतात. असे एखादे सहयोगी संशोधनकेंद्र महाराष्ट्रात निघावयाचे असेल, तर ते कोठे निघावे आणि त्यात सहयोग कोणाकोणाचा असावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ताडीपासून औषधापर्यंत

नाव बिकट असले तरी गोष्ट अगदीच अनोळखी नाही. पालघर जिल्ह्यातील माणसाला ताडी कशी होते हे सांगावे लागत नाही. पहाटे उतरविलेला गोड रस दुपारपर्यंत आंबतो, कारण यीस्ट नावाचा एकपेशीय जीव त्यातील साखर खातो आणि अल्कोहोल बाहेर टाकतो. साखरेचे अल्कोहोल करण्याची ही कृती यीस्टच्या जनुकांत लिहिलेली असते. ती कृती बदलून लिहिता आली, तर तोच जीव त्याच साखरेपासून औषध, रंग, सुवास अथवा प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार करील काय? गेल्या अर्धशतकात या प्रश्नाचे उत्तर हळूहळू ‘होय’ असे मिळत गेले. १९७० साली हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेत एक संपूर्ण जनुक प्रथमच रसायनांपासून जुळविले गेले. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिनची कृती जिवाणूच्या पेशीत बसविण्यात यश आले आणि चारच वर्षांत ते इन्शुलिन औषध म्हणून मान्य झाले. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एका जंतूचा सबंध जनुकसंच प्रयोगशाळेत जोडून तो दुसऱ्या पेशीत चालू करून दाखविला.

जुन्या जनुकीय अभियांत्रिकीत एक जनुक येथून उचलावयाचे आणि तेथे बसवावयाचे, एवढीच मजल होती. संश्लेषी जीवशास्त्राची हाव मोठी आहे. नट, बोल्ट आणि झडपा जशा ठरावीक मापाच्या मिळतात, तसे जनुकांचे सुटे भाग ठरावीक गुणधर्मांचे असावेत. संगणकावर आराखडा काढावा, त्याबरहुकूम डीएनए मागवावा, यंत्रमानवाने शेकडो नमुने जोडावेत, त्यांतील कोणते चालतात ते पाहावे आणि आराखडा सुधारून पुन्हा आरंभ करावा, अशी ही कार्यपद्धती आहे. तिला लागणारी यंत्रसामग्री एकट्या महाविद्यालयाला किंवा एकट्या कारखान्याला झेपणारी नसते. शिवाय जीवशास्त्रज्ञ, रसायन अभियंता, संगणकतज्ज्ञ आणि बाजार जाणणारा माणूस एका छपराखाली बसल्याविना तिचे पाऊल पुढे पडत नाही. यामुळेच जगभर हे शास्त्र ‘सहयोगी केंद्रां’च्या रूपाने वाढले. ब्रिटनने २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत अशी सहा केंद्रे विद्यापीठांतून उभी केली.

आता सरावलीकडे वळावे. बोईसर स्थानकातून पश्चिमेस निघाले की तारापूर औद्योगिक वसाहतीची धुराडी सुरू होतात आणि त्यांच्या कडेकडेने सरावली, सालवड, पास्थळ अशी नावाने ग्रामपंचायती पण वस्तीने शहरे झालेली गावे लागतात. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मुंबईवरील कारखान्यांचा भार हलका करण्याच्या त्यानंतरच्या धोरणातून ही वसाहत वाढली. रसायने, औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्ये, कापडावरील प्रक्रिया, पोलाद असा तिचा पसारा आहे. हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते. उत्तर प्रदेश, बिहारपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतचे कामगार सरावलीतील चाळींत भाड्याने राहतात. याच वसाहतीचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून पहिल्या क्रमांकावर आले. शंभरपैकी ९३.६९ गुण! परीक्षेत असे गुण मिळविणाऱ्या मुलाचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. मार्च २०१८, जानेवारी २०२० आणि ऑगस्ट २०२५ या तीन वेळी येथील कारखान्यांत स्फोट अथवा वायुगळती होऊन कामगार प्राणास मुकले. इतर वेळचे लहानसहान अपघात तर गावकऱ्यांच्याही स्मरणातून जातात.

अशा ठिकाणी जीवशास्त्राचे केंद्र कशासाठी, असे विचारले जाईल. उत्तर एका उदाहरणाने द्यावेसे वाटते. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे औषध पूर्वी ज्या रीतीने बनविले जाई, तीत उच्च दाबाखालील हायड्रोजन वायू आणि ऱ्होडियम हा महागडा धातू लागत असे. २०१० साली मर्क आणि कोडेक्सिस या दोन कंपन्यांच्या संशोधकांनी एका विकराची रचना टप्प्याटप्प्याने बदलून तीच रासायनिक पायरी साध्या दाबाखाली पार पाडून दाखविली. उत्पादन वाढले, धातू लागेनासा झाला आणि एकूण टाकाऊ द्रव्य १९ टक्क्यांनी घटले. विकरांना प्रयोगशाळेत असे वळण लावण्याच्या विद्येसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधांचा कच्चा माल करणारे कारखाने जेथे दाटीवाटीने उभे आहेत, तेथे या विद्येची गरज पुण्याच्या किंवा मुंबईच्या विद्यापीठाच्या हिरवळीपेक्षा अधिक आहे. स्फोट होऊ शकणारे एक पात्र कमी होणे याचा अर्थ सरावलीच्या चाळीत राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

एवढे लिहिल्यावर एक सावधगिरीचा इशाराही दिला पाहिजे, कारण या शास्त्राचे पुरस्कर्ते तो सहसा देत नाहीत. ‘जैव’ या उपसर्गाने काहीही आपोआप स्वच्छ होत नाही. महाराष्ट्राला हे कोणी शिकविण्याची आवश्यकता नसावी. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनींच्या तांबूस काळ्या सांडपाण्याने ओढे कसे नासतात, हे साखर कारखानदारीच्या प्रदेशाने पुरेपूर पाहिले आहे, आणि तीही यीस्टचीच करामत आहे. किण्वनाने होणारा पदार्थ पाण्यात अतिशय विरळ असतो. तो वेगळा काढल्यावर उरलेल्या पाण्यात इतका सेंद्रिय माल असतो की ते तसेच सोडले तर ज्या खाडीत जाईल तेथील प्राणवायू खाऊन टाकील. शिवाय मुळात पाणीही पुष्कळ लागते. येथे ते येणार सूर्या नदीचे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघर भागातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखला गेला आणि पुढे त्याच्या पाण्याचा मोठा भाग वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांकडे वळविण्यात आला, ही हकीकत जिल्हा विसरलेला नाही. म्हणजे नव्या केंद्रासमोर आरंभीच दोन जुने प्रश्न दत्त म्हणून उभे राहणार: पाणी कोणाच्या वाट्याचे आणि सांडपाणी कोणाच्या दारात?

बाजाराचीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे द्रव्य एका वनस्पतीपासून मिळते. कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून यीस्टकडून त्याचा पूर्वपदार्थ बनवून घेतला आणि २०१३ मध्ये सानोफी या कंपनीने त्या आधारे इटलीतील कारखान्यात उत्पादन चालू केले. संश्लेषी जीवशास्त्राचा हा पहिला मोठा विजय म्हणून सर्वत्र गाजला. पण दरम्यान वनस्पतीची लागवड वाढून शेतातील माल स्वस्त झाला होता. दोन-तीन वर्षांतच ते उत्पादन थंडावले आणि २०१६ मध्ये तो कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. यात वाईट एवढेच की, यीस्टची बातमी येताच शेतकरी धास्तावले आणि यीस्ट मागे हटले तेव्हा गुंतवणूकदार धास्तावले. दोन्ही वेळी निर्णयाच्या मेजावर शेतकरी नव्हता. आपल्या देशाला हा प्रकार नवा नाही. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांत बिहारच्या निळीच्या व्यापाराचे कंबरडे मोडले. त्याच्या झळा चंपारणच्या रयतेला किती लागल्या, हे १९१७ साली साऱ्या देशाला कळले.

भागीदार कोण?

‘सहयोग’ हा शब्द सरकारी कागदात फार सैलपणे वापरला जातो. बहुधा त्याचा अर्थ सरकारचा पैसा, विद्यापीठाची बुद्धी आणि कारखान्याचा परवाना एवढाच असतो. असा त्रिपक्षीय सहयोगही आपल्याकडे सोपा नव्हता, आणि ज्यांनी तो घडविला त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मुंबईतील माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून स्थापन झाली. गिरण्यांना रंग लागत होते, म्हणून तिच्या पहिल्या पिढीने रंगद्रव्यांचा अभ्यास केला. पुढे औषधे व प्लॅस्टिक आले. याच संस्थेत २००८ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने ऊर्जा-जीवशास्त्राचे केंद्र निघाले. शेतातील काडीकचऱ्यापासून विकरे व यीस्ट यांच्या साह्याने इथेनॉल काढण्याची रीत तेथे विकसित झाली आणि २०१६ मध्ये दररोज १० टन काडीकचरा वापरणारा प्रात्यक्षिक कारखाना चालूही झाला. तो कोठे चालू झाला? उत्तराखंडात काशीपूर येथे, कारण भागीदार कारखाना तेथे होता. यात गैर काही नाही. तथापि माटुंग्याच्या प्रयोगशाळेत जन्मलेली विद्या हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन मोठी झाली आणि माटुंग्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरच्या बोईसरला तिची वार्ताही लागली नाही, याची नोंद घेणे भाग आहे.

परदेशांतील अनुभव असा की, काही केंद्रांनी चौथ्या भागीदाराची गरज प्रारंभीच ओळखली. लंडनमध्ये इंपीरियल कॉलेजने २००९ साली संश्लेषी जीवशास्त्राचे केंद्र काढले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या भागीदारीत. अभियंत्यांच्या शेजारी समाजशास्त्रज्ञ बसावेत, नव्या जिवाचे समाजात काय होईल याचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावा, हा हेतू होता. अमेरिकेत त्याआधी, २००६ मध्ये, बर्कलेच्या पुढाकाराने पाच मोठ्या विद्यापीठांचे जे केंद्र निघाले, त्यातही एक सबंध शाखा या कामासाठी होती आणि पॉल रॅबिनाव या नामांकित मानवशास्त्रज्ञांकडे ती सोपविलेली होती. पण शास्त्रज्ञांच्या लेखी तो एक उपचार ठरला. सुरक्षिततेच्या प्रश्नांवर त्यांचे कोणी मनापासून ऐकेना. मतभेद वाढले आणि अखेर ते बाजूला झाले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने या फसलेल्या प्रयोगावर पुस्तकच लिहिले. खुर्ची दिली पण फाइल दाखविली नाही तर काय होते, ते त्यातून कळते. आपल्या शाळांतील पालक-शिक्षक संघाच्या सभेला जाऊन आलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

तारापूरला तर चौथ्या भागीदाराचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. या भूमीवर आधुनिक विज्ञान पहिल्यांदा येत आहे असेही नाही. १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र येथे चालू झाले. त्याचा राष्ट्राला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. केंद्राने नोकऱ्या दिल्या, शाळा काढल्या, वीज दिली. परंतु तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे न्यायालयांतून फिरत राहिल्या. तारेच्या कुंपणाआड काय चालते ते बाहेरच्यांनी विचारावयाचे नाही, हा संकेत अणुशक्तीच्या बाबतीत समजण्यासारखा होता; पण तोच संकेत शेजारच्या रासायनिक कारखान्यांनीही उचलला आणि त्यांना तो कोणी दिलेला नव्हता. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. खाडीतील मासळी गेली, जाळी काळी पडू लागली असे दांडी, नवापूर, मुरबे येथील मच्छीमार सांगत राहिले. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली आणि २०२२ साली लवादाने सामुदायिक सांडपाणी केंद्र व कारखाने यांच्यावर भरपाईची जबाबदारी टाकणारा निर्णय दिला. पुढील कायदेशीर वादावादी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. पाण्यात काय आहे हे ज्याला सर्वांत आधी कळले, त्या कोळ्याचे म्हणणे नोंदवून घेणारी एकही वही कोणत्याही कचेरीत नव्हती. त्यासाठी त्याला वकील करावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. सातपाटीच्या बंदरावर त्या मानाचे काय मोल होते, ते तेथील होडीवाल्यांना विचारावे.

कायद्यातील रिकामी खुर्ची

संश्लेषी जीवशास्त्राच्या बाबतीत ही चूक टाळण्यासाठी नवा कायदा हवा, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ सालीच धोकादायक सूक्ष्मजीव आणि जनुकीय रीतीने घडविलेले जीव यांच्याविषयीचे नियम झाले. त्यांत दिल्लीतील समित्यांची उतरंड आहे, जिची ओळख बीटी वांग्याच्या वादात सर्वांना झाली. जालन्याच्या महिकोने तयार केलेल्या त्या वांग्यावर सात शहरांत, त्यांत नागपूरमध्येही, जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती मिळाली. पण याच नियमांत अगदी तळाशी आणखी एक समिती आहे, जिचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसावे. ती जिल्हा पातळीवरची समिती होय. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्हा आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी, सूक्ष्मजीवतज्ज्ञ हे सदस्य. ज्या ठिकाणी असे जीव हाताळले जातात तेथे जाऊन पाहावे, धोके कोणते ते ठरवावे, माहितीचा तक्ता करावा आणि कुंपणाबाहेर अपघात पसरल्यास काय करावयाचे याची योजना तयार ठेवावी, ही तिची कामे. जरूर वाटल्यास आणखी सदस्य घेण्याची मुभाही तिला आहे. याचा अर्थ मच्छीमार सोसायटीचा एक प्रतिनिधी, सरावलीच्या ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या संस्थेतील एखादा विज्ञानाचा प्राध्यापक तिच्यात आज बसू शकतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यापासून जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी बोईसरहून दोन स्थानकांवर आहे. पूर्वीसारखे ठाण्याला हेलपाटे घालण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा आधार २००२ च्या जैविक विविधता कायद्याचा आहे. त्याअन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. संश्लेषी जीवशास्त्राला नवनवे जंतू आणि विकरे लागतात, आणि ती कोठल्या तरी मातीतून, खाडीतून, झाडाच्या सालीतूनच येतात. खाऱ्या आणि दूषित पाण्यात तगून राहिलेला एखादा जिवाणू उद्या लाखमोलाचा ठरणे अशक्य नाही. आनंद चक्रवर्ती यांनी तेलाचे विघटन करणारा जो जिवाणू घडविला, त्याच्यावरील हक्काचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० साली झाला आणि सजीवावर पेटंट मिळू शकते हे तेव्हापासून जगाने मान्य केले. आपल्या पेटंट कायद्यातही वनस्पती व प्राणी वर्ज्य असले तरी सूक्ष्मजीवांना ती बंदी नाही. मग नवापूरच्या खाडीतील गाळातून मिळालेल्या जिवावर केंद्राने पेटंट घेतले, तर त्यातील गावाचा हिस्सा किती, हा हिशेब केंद्राची कोनशिला बसण्यापूर्वी झाला पाहिजे. नंतर तो कधीच होत नाही.

या म्हणण्यावर शास्त्रज्ञ मंडळींचा आक्षेप ठाऊक आहे. प्रत्येक प्रयोगासाठी ग्रामसभेची परवानगी घ्यावयाची तर संशोधन करावयाचे कधी, आणि चीन-अमेरिकेच्या बरोबरीने धावावयाचे कसे? आक्षेपात तथ्य आहे. प्रयोगाचा आराखडा ग्रामसभेने ठरवावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र शास्त्रज्ञांनी आपणहून हात आखडल्याचे दाखलेही याच शास्त्रात आहेत. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ॲसिलोमार येथे जमलेल्या संशोधकांनी जनुके जोडण्याच्या प्रयोगांवर स्वतःच बंधने घातली. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये, ३८ शास्त्रज्ञांनी ‘आरशातले जीव’ म्हणजे उलट्या घडणीच्या रेणूंपासून बनलेले जिवाणू घडवूच नयेत, असे आवाहन केले. असा जिवाणू निसटला तर माणसाची, प्राण्यांची आणि वनस्पतींची प्रतिकारशक्ती त्याला ओळखू शकणार नाही, ही त्यांची भीती होती. या लोकांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण ॲसिलोमारच्या सभेत शास्त्रज्ञ होते, थोडे वकील होते, पत्रकार होते. प्रयोगशाळेच्या शेजारी राहणारा कोणी नव्हता. त्याला जे प्रश्न पडतात ते निराळे असतात. गटाराचे तोंड कोठे निघते? रात्रपाळीला कोण असते? भोंगा वाजला तर पळावयाचे कोणत्या दिशेने? या प्रश्नांची उत्तरे देण्याने संशोधनाचा एक दिवसही वाया जात नाही.

सरकारी अधिकाऱ्यांखेरीज इतरांना अधिकाराची खुर्ची दिली तर उद्योगांचा गळा घोटला जाईल, या समजुतीलाही शेजारच्या तालुक्यात उत्तर आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तेथे एक प्राधिकरण बसले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे २०१९ मध्ये निवर्तले तोवर त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणासमोर गावकरी आपले म्हणणे स्वतः मांडू शकत. १९९८ मध्ये त्याने वाढवणच्या बंदराला नकार दिला. पण डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र काही त्याने बंद पाडले नाही; धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्यास भाग पाडले, आणि ती २००७ मध्ये चालू झाली. देशातील बहुतेक वीजकेंद्रांना त्या यंत्रणेचे नावही तेव्हा ठाऊक नव्हते. याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदलल्यानंतर, जुलै २०२३ मध्ये वाढवणला अटींसह संमती दिली. त्या संमतीविषयी मच्छीमारांचा रोष आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तात्पर्य, खुर्ची असली म्हणजे प्रत्येक वेळी मनासारखा निकाल मिळतो असे नव्हे. पण वीजकेंद्राच्या धुराड्यावर ती यंत्रणा बसली ती खुर्ची होती म्हणूनच.

राहता राहिला तरुणांचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा आहे. उद्या असे केंद्र निघाले तर त्यातील पहिल्या पन्नास नोकऱ्या पवई, माटुंगा आणि पाषाण येथील मुलांकडे जातील हे उघड आहे. बोईसरच्या बी. एस्सी. झालेल्या मुलीच्या वाट्याला काय येईल? ती फाटकावर नोंदवहीत नावे लिहिणार असेल, तर तारापूरच्या इतिहासात एका कुंपणाची भर पडली एवढेच होईल. किण्वनपात्र चालविणे, नमुने घेणे, निर्जंतुकीकरण, सांडपाण्याची तपासणी या कामांना डॉक्टरेट लागत नाही, दोन वर्षांचे चोख शिक्षण लागते. ते शिक्षण केंद्र उभे राहण्याच्या आधी चालू झाले पाहिजे. कारखान्यांतील आजच्या कामगारांसाठीही तीच गोष्ट. उच्च दाबाचे पात्र गेले आणि विकराचे पात्र आले, तर जुन्या ऑपरेटरला घरी पाठवावयाचे की नवे शिकवावयाचे, हे भागीदारीच्या करारात लिहिलेले असावे.

विद्या लोकांच्या दारी नेण्याचा देशाला वळण लावणारा प्रयोग याच जिल्ह्यात झाला होता, याचा विसर पडू नये. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासींची मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरे राखावयास जातात असे दिसले तेव्हा कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द पुढे सबंध देशाने उचलला. कोट्यवधींच्या यंत्रांची प्रयोगशाळा अंगणात नेता येणार नाही, हे मान्य. तिची एक खोली, सांडपाण्याचे नमुने तपासणारी, आठवड्यातून एक दिवस दांडीच्या कोळ्यांना आणि सरावलीच्या शाळेतील मुलांना उघडी ठेवता येईल. त्यांनी आपल्या बाटलीत पाणी आणावे, यंत्रावर ते त्यांच्या देखत तपासले जावे आणि आकडा फळ्यावर लिहिला जावा.

१९८९ च्या नियमांत जिल्हा समितीविषयी एक लहानसा शब्दप्रयोग आहे: ती ‘आवश्यक असेल तेथे’ स्थापन व्हावी. केंद्र महाराष्ट्रात कोठे काढावयाचे याची चर्चा मुंबईत आणि दिल्लीत यथावकाश होईल. पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. जंतूंवर चालणारे उद्योग तारापुरात येण्यापूर्वीच ही समिती बसवावी, तिच्यावर मच्छीमार व ग्रामपंचायतीचा एकेक सदस्य घ्यावा आणि तिची पहिली बैठक पालघरच्या कचेरीत न घेता सरावलीच्या शाळेत, सुटीच्या दिवशी, घ्यावी.